गोचिडाच्या पोटातलं, कुत्र्याच्या रक्तातलं

एप्रिलमधल्या एका सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा शेजारचे काका दाराशी येऊन उभे राहिले. काका मूळचे नरखेडकडच्या एका गावचे. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर नागपूरजवळ बेसाला घर बांधून राहिले. काकू गेल्यापासून घरात एकटेच. सोबतीला एक तांबूस रंगाचा, एक कान पडलेला कुत्रा होता. तो कुठूनसा त्यांच्या गेटपाशी आला आणि तिथलाच झाला. काका त्याला 'बेटा' म्हणत, म्हणून सगळी गल्लीही तेच म्हणायची.

काकांच्या हातात ओला रुमाल होता आणि त्यावर लाल डाग होते.

"पोरी, जरा येतं का वं? बेट्याच्या नाकातून रगत येऊन राहिलं. थांबतच नाही."

"कधीपासून काका?"

"रगत आजच. पण पंधरा दिवसांपासून नीट जेवून नाही राहिला. मले वाटलं, उन्हानं असन."

कुत्रा ओट्यावर मान टाकून पडला होता. अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्या. मी त्याचा कान उलटा करून पाहिला तर आत मोहरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतच्या आकाराचे गोचीड चिकटलेले होते, एकमेकांना लागून. मी काकांना म्हटलं, ऑटो बोलवा, आत्ताच जाऊ.

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, लोकांना मी जनावरांची डॉक्टर वाटते. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. झाल्यावर एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत लागले. सुरुवातीला माझ्या गावाहून, कुहीहून, रोज येऊन-जाऊन काचेच्या नळ्या धुतल्या, मग रक्ताचे नमुने तपासायला शिकले, आणि चाळिशीला टेकले तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मॅडमनी मागे लागून पीएच.डी.ला नाव घालायला लावलं. विषय गोचिडांतून पसरणारे आजार. गोचीड मला नवे नव्हते. लहानपणी आई आणि मी गायीच्या कानामागचे, मानेखाली लोंबणाऱ्या पोळीतले गोचीड वेचून रॉकेलच्या वाटीत टाकायचो. आई नुसत्या बोटाने चाचपून सांगायची, हा पोटभर प्यालेला, हा आत्ताच चिकटलेला. त्या गोचिडाच्या आत आणखी कोणी राहत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नाही आणि माझ्याही नाही.

दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे होते. त्यांनी कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढला, रंग देऊन वाळवला आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहत राहिले. मग उठून मला म्हणाले, "तुम्हीच बघा."

मी डोळा लावला. लाल पेशींच्या गर्दीत एक मोठी पांढरी पेशी होती. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणं हे या पेशीचं काम. आणि तिच्याच पोटात, केंद्रकाच्या बाजूला, शहतुताच्या फळासारखा एक इवलासा जांभळा घड बसला होता. त्यातला एकेक ठिपका म्हणजे एक जिवंत जीवाणू. ज्याने गिळायचं, त्याच्याच आत तो घर करून वाढत होता.

"एर्लिकिया," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या सुरू करू. महिनाभर द्याव्या लागतील, एकही दिवस चुकवायचा नाही."

काका लगेच म्हणाले, "नाही चुकवणार. तीस वर्षांत एक फेरी नाही चुकवली म्या."

या जीवाणूचं नाव मी वर्षानुवर्षं लिहीत आले होते. नमुना यायचा, आम्ही यंत्रात घालायचो, जीवाणू आहे किंवा नाही असं उत्तर निघायचं आणि तो कागद पुढे जायचा. शाळेत हजेरी घेतात तसं. तो तिथे बसून काय करतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी तो घड डोळ्यांसमोरून हलेना. मी डॉक्टरांना म्हटलं, गोळी द्यायच्या आधी थोडं रक्त मला मिळेल का? त्यांनी एक नळी भरून दिली. ती बर्फाच्या थर्मासमध्ये घालून, काकांना आणि कुत्र्याला ऑटोत बसवून मी थेट प्रयोगशाळेत गेले.

आमच्या मॅडम त्या वर्षी निवृत्त होणार होत्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देणाऱ्या. मी सगळं सांगून होईपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

"रक्तात तो आहे हे तुला कळलंच आहे," त्या म्हणाल्या. "आता तो तिथे काय करतोय, ते बघायचंय का?"

त्यांनी मला जे समजावलं, ते मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ऐकलं त्या दिवशी. या जीवाणूकडे हजाराच्याही आत जनुकं आहेत. एवढ्याशा सामानावर त्याला दोन अगदी वेगळ्या जगांत जगायचं असतं. एक कुत्र्याचं ऊबदार रक्त, जिथे शरीराचे रखवालदार सतत फिरत असतात. दुसरं गोचिडाचं आतडं, जिथे ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून आणि जेवण महिनोन्‌महिने नाही. त्याच्या जनुकांमध्ये वीसहून जास्त जनुकांची एक ओळ आहे, सगळी एकमेकांची भावंडं असावीत तशी. ती त्याच्या बाहेरच्या कवचातली प्रथिनं घडवतात. पण सगळी एकाच जोमाने काम करत नाहीत. कुत्र्यात असताना काहींचा जोर असतो. गोचिडात गेल्यावर ती मंद होतात आणि ओळीतलं दुसरंच एक कामाला लागतं.

"डीएनए तपासलास तर दोन्हीकडे तोच जीवाणू दिसेल, सारखाच," मॅडम म्हणाल्या. "आरएनए बघ. कुठल्या जनुकाची नक्कल आत्ता निघते आहे, ते त्यातून कळतं. पण आरएनए फार नाजूक. जरा उशीर झाला की गेलं. आणि दोन्ही बाजू हव्यात. रक्त आणलंस. त्याच कुत्र्याचे गोचीड आण."

त्याच संध्याकाळी पाचच्या सुमारास मी चिमटा, मऊ ब्रश आणि काचेच्या नळ्या घेऊन काकांकडे गेले. काकांनी गेटजवळच्या भिंतीला पडलेली एक चीर दाखवली. कुत्रा रोज तिथे अंग टेकून झोपायचा. पोटभर प्यालेले लहान गोचीड अंगावरून गळून त्या चिरेत शिरून बसले होते, करड्या मण्यांसारखे. तिथे ते दोनेक आठवडे निपचित राहतात, कात टाकतात आणि मोठे होऊन पुन्हा कुत्रा शोधायला निघतात. कुत्र्याच्या रक्तातून आलेला जीवाणू या सगळ्या काळात त्यांच्या आत असतो.

काका बॅटरीचा झोत धरून उकिडवे बसले. मी एकेक गोचीड ब्रशने नळीत ओढत होते.

"मारायचे नाहीत?" काकांनी विचारलं.

"मोठे होऊ द्यायचेत."

"सालभर मी यायले मारून राहिलो, आणि तू पोसणार," ते म्हणाले. पण झोत हलू दिला नाही.

बावीस गोचीड मिळाले. आणि इथे मी घोळ केला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नळ्या मांडताना हात सवयीने चालले आणि मी अर्धे गोचीड स्पिरिटमध्ये टाकले. गायींवरचे गोचीड आम्ही इतकी वर्षं तसेच ठेवत होतो. डीएनएला स्पिरिट चालतं. आरएनएला त्या स्पिरिटचा भरवसा नाही, आणि शिवाय ते गोचीड आता कात टाकणार नव्हते. अकरावी नळी बंद करताना माझ्या लक्षात आलं. मॅडमना जाऊन सांगितलं.

"उरले किती?"

"अकरा."

"मग अकरा सांभाळ," एवढंच त्या म्हणाल्या.

नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये गोचीड सांभाळणं म्हणजे त्यांना सुकू न देणं. मी नळ्यांना जाळीचं कापड बांधलं, त्या एका झाकणाच्या बरणीत ठेवल्या, तळाशी ओला कापूस. तो रोज सकाळी बदलायचा. रविवारीसुद्धा जायचे. घरी सगळे हसायचे की ही गोचिडांना पाणी पाजायला चालली. बाराव्या की तेराव्या दिवशी पहिल्या नळीत एक रिकामी, कागदासारखी पातळ कात दिसली आणि तिच्याशेजारी एक नवा तपकिरी गोचीड, सपाट, तुकतुकीत, पाय पसरून स्थिर बसलेला. मी भिंग धरून कितीतरी वेळ बघत राहिले. त्याचं आतलं सगळं मोडून नव्याने मांडलं गेलं होतं, आणि त्या उलथापालथीत आतला पाहुणा टिकून असायला हवा होता.

या दिवसांत रोज घरी जाताना मी काकांकडे डोकावत होते. बेटा सुधारत होता. नाकातलं रक्त चौथ्या दिवशी थांबलं होतं. काका गोळी पोळीच्या तुकड्यात गुळासोबत दाबून भरवायचे आणि ती गिळेपर्यंत त्याचा घसा कुरवाळत बसायचे. एकदा मी त्यांना माझं काम सांगितलं. जीवाणू एकच, पण कुत्र्यात एक कवच आणि गोचिडात दुसरं, असं सोपं करून. काका कूलरच्या समोर बसले होते. त्यांनी कूलर बंद केला, कारण त्याच्या आवाजात ऐकू येईना, आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

मग म्हणाले, "पण त्याले कसं समजते वं, आपण कोणाच्या अंगात आलो ते? त्याले डोये नाही, कान नाही."

मी म्हटलं, "एक अंदाज असा आहे काका, की गरमीवरून समजत असावं. कुत्र्याचं अंग गरम. गोचीड बाहेर थंड जागेत."

काकांनी गेटजवळच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मे महिन्याची दुपार कलली होती तरी त्या भिंतीला हात लाववत नव्हता.

"थंड? त्या चिरेत हात घालून पाह्य. कुत्र्याच्या अंगाहून गरम आहे. मग तो त्या गोचिडात बसून फसत नाही का? त्याले वाटन, आलो कुत्र्यात."

थंड देशांतल्या प्रयोगशाळांत तो अंदाज सरळ वाटला असेल. आमच्या नागपुरात भिंतीची चीरसुद्धा ज्वर चढल्यासारखी तापते. मी घरी आले, चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी विचार करत उभी होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमना तो प्रश्न काकांच्याच शब्दांत सांगितला. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"हा प्रश्न कोणी विचारला म्हणालीस?"

"आमच्या शेजारच्या काकांनी. एसटीत ड्रायव्हर होते."

"अकरापैकी पाच उबवणीपेटीत ठेव," मॅडम म्हणाल्या. "कुत्र्याच्या अंगाएवढ्या उष्णतेवर. ओलावा नीट राख. सहा इथेच, एसीच्या खोलीत. बघू, फसतो का."

आठवडाभर मी दोन्हीकडचे कापूस बदलले. पेटीतला एक गोचीड मेला, बाकीचे जगले. मग एका सकाळी त्यांना काढून तिथल्या तिथे गोठवलं आणि आरएनए वेगळं करायला घेतलं. त्या दिवशी हातमोज्यांच्या चार जोड्या बदलल्या. कोणी खोलीत बोलायला आलं तरी मी मान हलवून परत पाठवत होते. जपून ठेवलेल्या कुत्र्याच्या रक्तावर आणि गोचिडांवर सारखीच प्रक्रिया केली. दोन जनुकं शोधायची होती: ओळीतलं एक, जे कुत्र्यात जोरात असतं म्हणतात, आणि दुसरं, जे गोचिडात. ज्या जनुकाची नक्कल निघत असेल, त्याची पट्टी जेलमध्ये, म्हणजे खळीसारख्या पारदर्शक थरात, उजळणार. ज्याची निघत नसेल, तिथे अंधार.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेल तयार झालं. मॅडमना बोलावलं. खोलीतला दिवा बंद केला आणि खालचा निळा प्रकाश लावला.

कुत्र्याच्या रक्ताच्या रांगेत पहिल्या जनुकाची पट्टी ठळक होती, दुसऱ्याची जागा जवळजवळ रिकामी. गोचिडांच्या रांगेत बरोबर उलटं. पहिलं पुसट, दिसेल न दिसेल असं, आणि दुसरं लख्ख. आणि पेटीत तापवलेल्या चार गोचिडांच्या रांगेतही तसंच. दुसरं लख्ख. कुत्र्याच्या अंगाएवढ्या उष्णतेत आठवडाभर राहूनही तो फसला नव्हता. आपण गोचिडात आहोत हे त्याला ठाऊक होतं.

'ठाऊक' हा शब्द चुकीचा आहे, हे मला कळतं. त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाही. तो एवढा लहान आहे की सुईच्या टोकावर त्याच्यासारखे हजारो मावतील. पण त्या क्षणी दुसरा शब्द सुचला नाही. मी अठरा वर्षं ज्याची हजेरी घेत होते, तो आज पहिल्यांदा माझ्यासमोर काहीतरी करताना दिसला होता. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून पुन्हा पाहिलं.

"वाचलं होतं मी," त्या म्हणाल्या. "शिकवलंही. पण स्वतःच्या खोलीत पाहिलं नव्हतं कधी."

आम्ही तो प्रयोग उरलेल्या आरएनएवर आणखी दोनदा केला. उत्तर बदललं नाही.

काकांना सांगायला गेले तेव्हा ते बेट्याला आंघोळ घालत होते. ऐकून म्हणाले, "मले दाखवशील का?" मग एका शनिवारी मॅडमची परवानगी घेऊन मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. आधी त्यांना त्यांच्याच कुत्र्याच्या रक्ताची काचपट्टी दाखवली. डॉक्टरांनी ती मला देऊन टाकली होती. काकांना सूक्ष्मदर्शक जमेना. त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. मी डोकं जरा मागे घ्यायला सांगितलं. मग ते एकदम स्थिर झाले.

"तो जांभळा गुच्छा?"

"हो."

मग मी त्यांना जेलचा फोटो दाखवला आणि कुठली रांग कोणाची ते सांगितलं. त्यांनी बोटाने रांगा मोजल्या, गरम पेटीच्या रांगेपाशी थांबले.

"म्हणजे गरमीवरून नाही."

"नुसत्या गरमीवरून तरी नाही. आमच्या या चार गोचिडांपुरतं तरी."

"मग कशावरून?"

मॅडम मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माहीत नाही हो. गोचिडाच्या पेशीतलंच काहीतरी त्याला लागत असावं. तिथली चव म्हणा, तिथली हवा म्हणा. पण नक्की काय, ते आम्हाला माहीत नाही."

काकांनी मान डोलावली. डॉक्टर, मॅडम, एवढी यंत्रं, आणि तरी माहीत नाही, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट ते जरा खूश दिसले. जाताना मला हळूच म्हणाले, "एवढासा आहे, पण सगळ्यायले कामाले लावलं त्यानं."

बेटा बरा झाला. वजन भरलं, केस पुन्हा चमकायला लागले. काकांनी भिंतीची चीर सिमेंटने बुजवून घेतली आणि दर आठवड्याला त्याचे कान तपासायचा वार ठरवला. डॉक्टर म्हणाले होते की गोळ्यांनंतरही हा जीवाणू कधीकधी शरीरात दडून राहतो, म्हणून आम्ही त्याचं रक्त अधूनमधून तपासतो. अजून तरी काही सापडलेलं नाही.

मॅडम निवृत्त व्हायच्या आधी मी प्रबंधाचं ते प्रकरण लिहून त्यांच्याकडे नेलं. शेवटच्या परिच्छेदात मी बरीच कारणं सुचवली होती, मोठमोठ्या शब्दांत. मॅडमनी लाल पेनने तो सगळा परिच्छेद खोडला आणि समासात लिहिलं, 'हे कसं घडतं ते आम्हाला माहीत नाही, असं लिही.' मी तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी नेमकं त्या वाक्यावर बोट ठेवलं. "इतक्या कामानंतर हेच लिहायचं होतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "सर, एवढंच खरं आहे."

त्यांनी पडद्यावर जेलचा तो फोटो पुन्हा लावायला सांगितला. खोलीतले सगळे त्या उजळ आणि काळ्या जागांकडे पाहू लागले. परीक्षक पुढे वाकले. त्यांचा पुढचा प्रश्न काकांचाच होता: "मग कशावरून?"